मदत हवी: शॉकअप बदलले तरी स्विफ्टचा पुढून खटखट आवाज जात नाही

चोपडेकर:
मंडळी, जरा लवकर सांगा. स्विफ्ट डिझेल, २०१० ची. पुढून खटखट आवाज येतो. मेकॅनिकने दोन्ही शॉकअप बदलले, पैसे गेले, आवाज आहे तिथंच. जॅकवर चढवून चाकं हलवून पाहिली तर म्हणतो सगळं ओके. शनिवारी आईला घेऊन लग्नाला नाशिकला जायचंय. काय बदलू?

बोदवडचा भाऊ:
कुठल्या बाजूने? वळताना की सरळ? स्पीड किती असतो? नुसत्या खटखटवरून कोण काय सांगणार भो.

केळीबाग रावेर:
लिंक रॉड, चाकाजवळची छोटी जोडदांडी. डोळे मिटून टाका. माझ्या गाडीलाही हेच होतं, लिंक रॉड टाकले अन् गाडी गप्प. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, रबर कडक होऊन चिरा पडतात.

जुना गॅरेजवाला:
डोळे मिटून काही टाकू नका. तसंच करून शॉकअपचे पैसे गेले ना! शॉकअपसोबत वरचे माउंट, म्हणजे शॉकअप वर बॉडीला धरतात ते रबर-बेअरिंग, बदलले का? जुनेच असतील तर उभ्या गाडीत कुणाला तरी स्टिअरिंग पूर्ण फिरवायला लावा. स्प्रिंग अडकून झटक्यात फिरली, टण्ण वाजली, तर माउंटचं बेअरिंग गेलंय.

धुळे रोडवाला:
नाशिकला जाताना अमळनेरवरून जाऊ नका. शिरपूरला निघा, तिथून आग्रा हायवे धरा, आईंना त्रास होणार नाही.

तापीकाठ:
गाडीला पंधरा वर्षं झाली. रि-पासिंगचा खर्च धरा आणि विकून मोकळे व्हा.

चोपडेकर:
विकायची नाही, वडिलांनी घेतलेली गाडी आहे. रस्ता मला माहीत आहे, आवाजाचं बोला. माउंट जुनेच आहेत. स्टिअरिंग फिरवून पाहिलं, काही नाही. आवाज डावीकडून, सरळ जाताना, हळू गाडीत, बारीक खड्ड्यांवर. मोठ्या गतिरोधकावर मात्र येत नाही.

जुना गॅरेजवाला:
हे आधी सांगायला हवं होतं. गतिरोधकावर दोन्ही चाकं बरोबर वर जातात, तेव्हा स्टॅबिलायझर बारला, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याला, पीळ बसत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की बार पिळतो आणि सगळा जोर बार चाकाकडे जोडणाऱ्या लिंकवर येतो. लिंकच्या टोकाचा बॉल (फिरता सांधा) ढिला असेल तर तेव्हाच वाजतो.

केळीबाग रावेर:
मग मी काय वेगळं सांगितलं?

जुना गॅरेजवाला:
तुम्ही घेतलेलं पार्टचं नाव बरोबर असेल, पण आवाज कधी येतो ते विचारल्याशिवाय सांगितलंत. ब्रेकचे पॅड सैल असले तरी असंच वाजतं. चोपडेकर, त्याच रस्त्यावर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवा. आवाज थांबला तर पॅड किंवा पॅड धरणाऱ्या कॅलिपरची पिन. नाही थांबला तर गाडी सपाट जागी चाकांवरच उभी करा, हँडब्रेक लावा, स्टिअरिंग उजवीकडे फिरवून डावा लिंक हाताने जोरात हलवा. जॅकवर एकच चाक लटकतं, बार पिळतो, लिंक ताणला जातो आणि ढिलाई लपते. मेकॅनिकला ओके दिसलं ते त्यामुळे.

बोदवडचा भाऊ:
हे माहीत नव्हतं. माझ्या वॅगन-आरला मागून कुरकुर येते, तिचंही असंच पाहू का?

जुना गॅरेजवाला:
मागची रचना वेगळी. वेगळा धागा काढा.

चोपडेकर:
ब्रेकवर पाय ठेवूनही आवाज आला. डावा लिंक हाताला चक्क टकटक लागतो, वरच्या बॉलचं रबर फाटून ग्रीस बाहेर आलंय. नट खोलायला गेलो तर आतला बॉलही सोबत फिरतोय. शिवाय लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणारा हात) मागच्या बुशला (रबरी सांधा) चीर दिसते. तोही आत्ताच करावा का?

केळीबाग रावेर:
दोन्ही बाजूंचे लिंक घ्या, एकच बदलू नका.

जुना गॅरेजवाला:
हो, जोडी घ्या. नट फिरवताना स्टडच्या, म्हणजे आट्यांच्या दांड्याच्या, टोकाला ॲलन की (षटकोनी किल्ली) लावून धरा. तशी खाच नसेल तर बॉलच्या मागे पाना धरायला जागा असते. बुशचं रबर लोखंडापासून सुटलं नसेल, ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढत नसेल, तर नाशिक करून या आणि मग बदला. जो कुणी बसवेल त्याला सांगा, आर्मचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असताना. चाक लटकत असताना आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुशही लवकर फाटतो.