मदत हवी आहे: छोट्या खासगी विद्यापीठाचे आकडे पडताळायचे कुठे?

नमस्कार मंडळी. भाचीला इथे इंदूरजवळच्या एका छोट्या खासगी विद्यापीठात बी.टेक. कॉम्प्युटरला जागा मिळतेय. फी वर्षाला १ लाख ३५ हजार. बस, परीक्षा फी आणि ‘डेव्हलपमेंट’ वेगळं. चार वर्षांचा एकूण खर्च लेखी मागितला, तर काउन्सेलर बाईंनी माहितीपत्रकाच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहून दिला. पेन्सिलीने!

एनआयआरएफच्या (केंद्र सरकारची कॉलेज-विद्यापीठांची क्रमवारी) तक्त्यात मंजूर जागा, प्रत्यक्ष प्रवेश, वेळेत पास झालेले, नोकरी लागलेले, मध्यक पगार असं सगळं असतं, म्हणून आधी तोच शोधला. यांनी भागच घेतलेला नाही. नॅकचं (दर्जा तपासून देतात ते) मानांकनही नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) यादीत नाव आहे, म्हणजे पदवी मान्य. पण पुढे काय? प्लेसमेंट विचारलं की ‘हायेस्ट पॅकेज’ सांगतात. ते एका पोराचं. वर्गात किती होते आणि त्यातले किती लागले, यावर गप्प.

‘इंदूरच्या एसजीएसआयटीएस किंवा डीएव्हीव्हीच्या आयईटी या इंजिनिअरिंग कॉलेजांत बघा’ असं कृपया सुचवू नका, तेवढी रँक नाही. पुण्याला पाठवणंही जमणार नाही. कर्ज साडेसात लाखांच्या आतच ठेवायचंय, त्याच्या वर गेलं की तारण मागतात. सीट पक्की करायला आठच दिवस आहेत, त्यामुळे माहितीचा अधिकार टाकून महिनाभर थांबता येणार नाही.

तर, भोपाळच्या निजी विश्वविद्यालय विनियामक आयोगात (मध्य प्रदेशातल्या खासगी विद्यापीठांवर देखरेख ठेवणारा) स्वतः जाऊन बॅचनिहाय प्रवेश आणि पास झालेल्यांचे आकडे बघायला मिळतात का? कुणी मिळवलेत का?