डेन्व्हरच्या पंपावरचं ८५ नंबरचं गॅस: कोणत्या गाडीत घालायचं, कोणत्या नाही

प्रेषक: अरोराकर
नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीहून नुकतेच इकडे डेन्व्हरला (कोलोराडो) शिफ्ट झालोय. तिकडे कायद्यानेच स्वतः गॅस (अमेरिकेत पेट्रोलला गॅस म्हणतात) भरता येत नाही, पंपावरचा माणूस भरतो, आपण काच खाली करून "रेग्युलर, फिल अप" म्हटलं की झालं, त्यामुळे बटणांकडे कधी नीट बघायची वेळच आली नाही. तिकडे रेग्युलर म्हणजे ८७. इथे पंपावर पिवळ्या स्टिकरवर ८५, ८७ आणि ९१ असे ऑक्टेनचे आकडे आहेत आणि त्यातलं ८५ वालं रेग्युलर म्हणून विकतात. आमच्याकडे होंडा सीआरव्ही आहे, १.५ टर्बो, आणि एक जुनी कॅमरी. बाबा सध्या पुण्याहून आलेत, ते म्हणतात की आपल्याकडे साधं पेट्रोलसुद्धा ९१ असायचं, तर इथे ८५ काय घालतोस, चांगली गाडी आहे, ९१ च घाल. ऑफिसमधले लोक म्हणतात इथे उंचीमुळे ८५ चालतं, सगळे तेच भरतात. खरं काय ते जाणकारांनी सांगावं, कारण लवकरच आम्ही रॉकी माउंटन पार्कला आणि नंतर कॅन्ससला जाणार आहोत.

प्रेषक: गोल्डनकर
अरोराकर, वेलकम! मी बरीच वर्षं ८५ च भरतोय, गाडी साधी टोयोटा, टर्बो नाही, कधी काही झालं नाही. इथली हवा विरळ आहे त्यामुळे कमी ऑक्टेन पुरतं असं इथले जुने लोक सांगतात. बिनधास्त भरा.

प्रेषक: लिटलटनकर काका
गोल्डनकरांचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यासाठीच हा मेल लिहितोय, थोडा लांबेल, पण विषय महत्त्वाचा आहे, इंजिन म्हणजे काही वायपर नाही की खराब झालं तर बदलून टाकलं.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधली ताकद नव्हे हे आधी डोक्यातून काढा. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल दाबलं जातं, मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि तिथून जाळ पसरत जातो. दाब आणि उष्णता फार झाली तर जाळ पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं, आणि मग टक टक टक असा धातूवर ठोकल्यासारखा आवाज येतो, तेच नॉकिंग. हे असं आपोआप न पेटता जे पेट्रोल जास्त दाब सहन करतं त्याचं ऑक्टेन जास्त. बास. ज्या इंजिनाला तेवढा दाब निर्माणच करायचा नाही त्याला जास्त ऑक्टेन देऊन काही मिळत नाही.

आता डेन्व्हर. समुद्रसपाटीच्या मानाने इथे ५२८० फुटांवर हवेचा दाब साधारण १७ टक्क्यांनी कमी, त्यामुळे साध्या इंजिनात प्रत्येक झटक्याला हवाच कमी शिरते, आतला दाब कमी होतो, नॉकिंगची शक्यता कमी होते. कार्ब्युरेटरच्या जमान्यात म्हणूनच इकडच्या डोंगराळ राज्यांत ८५ विकायला लागले आणि तेव्हा ते बरोबर होतं. पण आता दोन गोष्टी बदलल्यात. एक, आताच्या इंजिनांत दाब जास्त असतो आणि हवा-पेट्रोल-ठिणगीचं सगळं गणित कॉम्प्युटर करतो. दुसरी गोष्ट तुमच्या सीआरव्हीसाठी सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे टर्बो. टर्बो काय करतो, बाहेरची विरळ हवा ओढून दाबून आत ढकलतो, म्हणजे उंचीमुळे जी सवलत साध्या इंजिनाला मिळते ती टर्बोला जवळजवळ मिळतच नाही! बाहेर डेन्व्हर असलं तरी सिलिंडरच्या आत बऱ्यापैकी समुद्रकिनाराच असतो म्हणा ना. आणि होंडाच्या मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय की ८७ किंवा जास्त वापरा, त्याहून कमी वापरल्यास इंजिनाला इजा होऊ शकते. त्यात उंचीची सूट कुठेही दिलेली नाही.

पूर्वी पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात फियाट नॉकिंग करायला लागायची, गाडीत पाच माणसं, वर कॅरिअरवर सामान, आणि ड्रायव्हर तिसऱ्या गिअरमध्येच ओढत राहिला की आवाज सुरू. मग मेकॅनिक डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून तो हाताने किंचित फिरवायचा, ठिणगीचं टायमिंग थोडं मागे घ्यायचा, आवाज बंद आणि गाडीचा दम पण कमी. आता तेच काम गाडी स्वतः करते. इंजिनाच्या ब्लॉकला एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, त्याला नॉकिंगचं कंपन कळलं की कॉम्प्युटर लगेच ठिणगी उशिरा पाडतो. म्हणून ८५ घालूनही "काही झालं नाही" असं वाटतं. झालेलं असतं, फक्त आवाज येत नाही, ॲव्हरेज आणि पिकअप गुपचूप कमी होतो, आणि आय-सेव्हंटी हायवेवर आयझेनहॉवर टनेलच्या चढाला (तिथे ११ हजार फुटांच्या वर जातो आपण), उन्हाळा, एसी चालू, गाडी भरलेली, अशा वेळी सेन्सरवर सगळा भार टाकणं मला तरी पटत नाही. गॅलनमागे थोडे सेंट वाचतात त्यासाठी हे कशाला करायचं?

कॅमरीचं मॅन्युअल बघा. बहुतेक तिथेही ८७ च असेल. जुनी आहे, टर्बो नाही, म्हणून एखाद्या वेळी ८५ गेलं तर आभाळ कोसळणार नाही, गोल्डनकरांचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. पण सवय म्हणून नको.

प्रेषक: पार्करकर ताई
काकांशी पूर्ण सहमत. मला दुसऱ्या टोकाबद्दल लिहायचंय कारण आपल्या लोकांत हे फार दिसतं, नवी गाडी घेतली की प्रेमाने ९१, म्हणजे प्रीमियम, पाजायचं. गाडीला प्रीमियम सांगितलं असेल तर मॅन्युअलमध्ये किंवा गॅसच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दोनपैकी एक शब्द असतो, रिक्वायर्ड किंवा रेकमेंडेड, आणि त्या दोघांत खूप फरक आहे. माझ्या जर्मन गाडीला प्रीमियम रिक्वायर्ड आहे, तिथे मी कंजूषपणा करत नाही, गाडी घेतानाच तो खर्च धरला होता. रेकमेंडेड असेल तर रेग्युलरवर (म्हणजे ८७ वर) चालते, थोडी ताकद कमी मिळते. माझ्या बहिणीकडे माझ्दाची २.५ टर्बो आहे, कंपनी स्वतःच सांगते की ८७ वर २२७ हॉर्सपॉवर आणि ९३ वर २५६. ९३ तर आपल्याकडे बहुतेक पंपांवर मिळतच नाही, ९१ वर थांबतं. तिला मुलांना सॉकरला सोडायचंय, ती ८७ भरते आणि अगदी खुश आहे.

आणि ज्या गाडीला रेग्युलरच सांगितलंय त्यात प्रीमियम घालणं म्हणजे निव्वळ पैसे वाया. ट्रिपल ए या गाडीवाल्यांच्या संघटनेने २०१६ मध्ये हे तपासलं होतं, अशा गाड्यांत प्रीमियम घालून ताकद, ॲव्हरेज, धूर कशातच म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही, आणि त्यांच्या अंदाजाप्रमाणे अमेरिकेतले लोक वर्षाला २.१ अब्ज डॉलर असे उगाच घालवतात. पुढच्या वर्षी त्यांनी रेकमेंडेडवाल्या गाड्या तपासल्या, तिथे ॲव्हरेज सरासरी २.७ टक्के वाढलं. आता पंपावर रेग्युलर आणि प्रीमियममधला फरक बघा आणि तुम्हीच हिशोब करा, तो २.७ टक्क्यांच्या कितीतरी वर असतो.

नव्याने आलेल्या स्टुडंट मुलांना तर मी हे आवर्जून सांगते. सेकंडहँड सिव्हिक घेतात, हातात पैसे मोजके, आणि कोणीतरी सांगितलं म्हणून प्रीमियम भरतात. कृपया तुमच्या ओळखीत कोणी असेल तर सांगा त्यांना.

प्रेषक: अरोराकर
काका, ताई, मनापासून धन्यवाद. सीआरव्हीचं मॅन्युअल काढून बघितलं, ८७ च आहे, कॅमरीचं पण ८७. बाबांना वाचून दाखवलं तर त्यांचे दोन प्रश्न आहेत. पहिला, पुण्यात पंपावर साधं ९१ आणि प्रीमियम ९५ असायचं, मग अमेरिकेत ८७ म्हणजे हलक्या प्रतीचं नाही का? दुसरा, प्रीमियमने इंजिन आतून साफ राहतं ना, मग अधूनमधून एखादी टाकी घालायला काय हरकत आहे?

प्रेषक: लिटलटनकर काका
बाबांना माझा नमस्कार सांगा, पहिला प्रश्न फार चांगला आहे, बरेच लोक इथेच फसतात.

मोजायच्या पद्धती दोन आहेत, रॉन आणि मॉन. रॉन म्हणजे आरामात चालणाऱ्या इंजिनासारख्या परिस्थितीत मोजलेलं, मॉन म्हणजे जास्त वेग, जास्त उष्णता अशा कठीण परिस्थितीत मोजलेलं, त्यामुळे मॉनचा आकडा नेहमी कमी येतो. भारतात पंपावर रॉन सांगतात. अमेरिकेत दोघांची सरासरी सांगतात, पंपावरच्या पिवळ्या स्टिकरवर आकड्याच्या वर बारीक अक्षरात आर अधिक एम भागिले दोन असं छापलेलं असतं ते हेच. भारतातल्या साध्या पेट्रोलचं मानक रॉन कमीत कमी ९१, मॉन कमीत कमी ८१ असं होतं. करा सरासरी, ८६ आली. प्रीमियमचं ९५ आणि ८५, सरासरी ९०. म्हणजे पुण्याचं ९१ आणि इथलं ८७ जवळपास एकाच पातळीवर आहेत, आणि पुण्याचं ९५ म्हणजे इथलं साधारण ९० ते ९१. बाबा पुण्यात जे ९१ भरायचे त्याच्या बरोबरीचं तुम्ही इथे ८७ मध्ये भरताय. उलट इथलं ८५ हे मात्र पुण्याच्या साध्यापेक्षाही खाली आहे, त्यामुळे बाबांची ८५ बद्दलची शंका रास्तच होती.

साफसफाईचं. ती ऑक्टेनने होत नाही, डिटर्जंटने होते. सरकारने ठरवलेलं किमान डिटर्जंट सगळ्यांच गॅसमध्ये असतं, पण गाडी कंपन्यांना ते कमी वाटलं म्हणून २००४ मध्ये बीएमडब्ल्यू, जीएम, होंडा आणि टोयोटा यांनी मिळून टॉप टिअर नावाचं मानक काढलं. ज्या पंपाला ते आहे त्याला सगळ्या ग्रेडमध्ये तेवढं डिटर्जंट घालावं लागतं, फक्त प्रीमियममध्ये नाही. ट्रिपल एच्या २०१६ च्या दुसऱ्या तपासणीत टॉप टिअर नसलेल्या गॅसने इंजिनाच्या व्हॉल्व्हवर सरासरी १९ पट जास्त काजळी साठली होती. तर बाबांना सांगा, एखादी टाकी प्रीमियमची घालण्यापेक्षा रोजचं ८७ टॉप टिअरवाल्या पंपावर भरलं तर इंजिनाची जास्त काळजी घेतली जाईल. कॉस्टकोचं गॅस टॉप टिअर आहे, आणि स्वस्त पण, फक्त शनिवारी रांग मोठी. एक बारीक गोष्ट, तुमच्या सीआरव्हीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, व्हॉल्व्हवरून जात नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह धुण्याचा फायदा तिला नाही, पण इंजेक्टर (पेट्रोल उडवणारा भाग) स्वच्छ राहायला डिटर्जंट हवंच. कॅमरी जुनी आहे, तिला व्हॉल्व्हचा फायदा पण मिळेल.

प्रेषक: गोल्डनकर
काका, मॅन्युअल काढून वाचलं. माझ्याही गाडीला ८७ लिहिलंय. आजपासून ८७. एकच विचारायचंय, टाकीत आता निम्मं ८५ आहे, ते संपवून मग भरू का? पुढच्या आठवड्यात मी पण नेब्रास्काला चाललोय.

प्रेषक: लिटलटनकर काका
संपवू नका, खाली उतरायच्या आधीच मिसळा. निम्मी टाकी ८५ असेल आणि वरून ९१ भरलंत तर साधारण सरासरी धरायला हरकत नाही, म्हणजे ८८ च्या आसपास, तुमच्या गाडीला पुरेसं. एकदाच ९१ चे पैसे जातील, नंतर नेहमीचं ८७. ८५ ची टाकी घेऊन पूर्वेकडे उतरायला लागलं की हवा दाट होत जाते आणि साध्या इंजिनाची सवलतही संपते, नेब्रास्काच्या सपाट भागात पोचेपर्यंत ते ८५ टाकीत नको. अरोराकरांनाही हेच लागू, कॅन्ससला निघताना. आणि तिकडे पंपावर बटण दाबायच्या आधी आकडा वाचा. मधल्या राज्यांत ८८ नावाचं एक स्वस्त गॅस मिळतं, त्यात इथेनॉल १५ टक्के असतं. २००१ आणि त्यानंतरच्या मॉडेलच्या गाड्यांना त्याला सरकारी परवानगी आहे, पण कॅमरी त्याच्या आधीची असेल तर तिच्यात घालू नका. आणि ई-पंच्याऐंशी लिहिलेलं नोझल बघून ते इथलं आपलं ८५ असं समजू नका, ते बहुतांशी इथेनॉल असतं आणि फक्त फ्लेक्स फ्युएलवाल्या (पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हीवर चालणाऱ्या) गाड्यांना चालतं, अरोराकर, तुमच्या दोन्ही गाड्यांत ते अजिबात घालायचं नाही.