मदत हवी आहे: एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीसाठी .३०८ काडतूस की ६.५ क्रीडमूर?

परवाना हातात आहे, एल्कसाठी स्वतःची पहिली रायफल जुळवतोय. बजेट तुटपुंजं, म्हणून वापरलेली शॉर्ट ॲक्शन (आखूड काडतुसांची) बोल्ट रायफल (दर गोळीला हातानं बोल्ट ओढायची) घेऊन उरलेले पैसे स्कोपवर घालणार. .३०-०६ या लांब काडतुसाच्या रायफलमधून १८० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी मारून पाहिली. दहाव्या गोळीला धक्क्याच्या धास्तीनं नेम हलायला लागला. अशानं जनावर जखमी होऊन पळतं, ते मला अजिबात नको. .३०८ ची १६५ ग्रेन सोसली, ६.५ ची १४३ ग्रेन तर अगदी सहज गेली. २५० मीटरपलीकडे मारणार नाही. काडतुसं घरी भरत नाही, तयारच घेतो. जनावर तिरकं उभं असताना ६.५ ची गोळी खांद्याचं हाड फोडून फुफ्फुसापर्यंत खात्रीनं पोचते का? पोचत असेल तर बाँडेड (शिशाचा गाभा वरच्या तांब्याच्या वेष्टणाला पक्का जोडलेली) घ्यावी की पूर्ण तांब्याची?