घाईची लघवी आणि प्रयोगशाळेतलं मूत्राशय

"प्रयोगशाळेत वाढवलेलं मूत्राशय बसवलं की लघवीची घाई कायमची संपेल," असं कुणीतरी लिहिलंय. इतकं सोपं नाही हो! 2006 मध्ये अमेरिकेतले मूत्ररोग शल्यचिकित्सक अँथनी अटाला यांच्या चमूने रुग्णाच्याच पेशी साच्यावर वाढवून 7 जणांच्या मूत्राशयाला जोडल्याचं प्रसिद्ध केलं. पण ती जन्मजात मणक्याचा दोष असलेली मुलं होती, नुसत्या घाईच्या लघवीचे रुग्ण नव्हते. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या चाचणीत तर मूत्राशयाची क्षमता वाढली नाहीच, वर गंभीर गुंतागुंत झाली. बाहेरून लावलेल्या ऊतीला वेळेत रक्तपुरवठा मिळणं, ही मोठी मेख. आतड्याचा तुकडा जोडण्याची जुनी शस्त्रक्रिया आजही होते, पण आतडं चिकट स्राव सोडत राहतं, खडे होतात, अनेकांना नळी घालून लघवी काढावी लागते. शस्त्रक्रियेआधी व्यायाम, गोळ्या, मूत्राशयात बोटॉक्सचं इंजेक्शन हे उपाय आहेतच.