दलाल हटवले की भाव मिळतो?
कुणीतरी म्हटलंय की बाजार समितीतले दलाल हटवले की कांद्याला आपोआप भाव मिळेल. अहो, २०१६ सालीच महाराष्ट्रात फळं-भाजीपाला समितीच्या बंधनातून मोकळा केलाय, आडत म्हणजे दलालाचं कमिशनही शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकलं, तरी लासलगावच्या कांदा बाजारात ट्रॅक्टरच्या रांगा लागतातच, कारण बाहेर विकलं तर लिलाव कोण करणार नि पैशाची हमी कोण घेणार? आणि भाव पडतो तो बऱ्याचदा दिल्लीच्या एका आदेशाने. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात थेट निर्यातबंदी, ती उठली मे २०२४ मध्ये. आडत्या काही संत नाही, मान्य, पण हे त्याने केलं का? निदान सरकारसाठी कांदा खरेदी करणारी नाफेड कधी नि कुठल्या दराने घेणार ते तरी आधी सांगा म्हणावं.