ऑफिसची कागदपत्रं नव्या टूलवर: मजकूर येतो, बाकीचं मागे राहतं

तळटीप
'सुटसुटीत' यांनी परवा लिहिलं की कॉन्फ्लुअन्सवरून नोशनवर (दोन्ही ऑफिसची पानं लिहायची-साठवायची टूल) जाणं हे शनिवार-रविवारचं काम आहे. स्पेस, म्हणजे पानांचा संच, एचटीएमएलमध्ये एक्स्पोर्ट करा (वेबपानांच्या फाईली बनवून बाहेर काढा), त्यांची झिप नव्या टूलमध्ये चढवा, सोमवारी सगळ्यांना नवा पत्ता कळवा आणि जुनं बंद करून टाका; जे हरवेल त्याची कुणाला आठवणही येणार नाही. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली आहे. त्यातल्या किती जणांनी हे काम उरकल्यावर वर्षभर त्याच ऑफिसात काढलंय?

झिपमधून मजकूर येतो, मान्य. पण ऑफिसातलं पान कुणी लिहिलं, कधी लिहिलं, नंतर त्यात कुणी काय बदललं, हे मजकुराइतकंच मोलाचं असतं. एचटीएमएल एक्स्पोर्टमध्ये जुन्या आवृत्त्या येत नाहीत. जिरा या टूलमधल्या तिकिटांची (कामांच्या नोंदींची) चालती यादी त्या क्षणी जशी होती तशी गोठते. एका पानाचा उतारा दहा पानांत दिसावा म्हणून मॅक्रो (उतारा आपोआप ओढणारी सोय) लावलेला असेल, तर आता त्या उताऱ्याच्या दहा सुट्या प्रती होतात. उद्या मूळ उतारा बदलला तरी बाकीच्या नऊ जागी जुनंच राहणार.

आणि तारीख! आमच्याकडे टूल बदललं तेव्हा प्रत्येक पानावर 'शेवटचा बदल' म्हणून एकच दिवस आला, आणि ज्याने झिप चढवली त्याचंच नाव. रात्री ऑन-कॉलवर (बिघाड झाला तर बघायच्या पाळीवर) असलेल्या मुलीने डेटाबेस पर्यायी सर्व्हरवर वळवण्याचं पान उघडलं. ते ताजं दिसत होतं, म्हणून तिने त्यावर विश्वास ठेवला. तिसऱ्या टप्प्यातलं मशीन केव्हाच काढून टाकलेलं होतं. जुन्या ठिकाणी तिला खरी तारीख दिसली असती, आणि खालची 'आता असं करू नका' ही कॉमेंटही. कॉमेंट मागेच राहिल्या होत्या. सकाळी बोलणी तिला बसली, झिप चढवणाऱ्याला नाही. याचा मला आजही राग आहे.

सुटसुटीत
माझं नाव घेतलंत म्हणून लिहितो. त्या पानातला तिसरा टप्पा चुकीचा होता, तो जुन्या टूलमध्येही चुकीचाच होता. कॉमेंटमध्ये दुरुस्ती लिहून मूळ मजकूर तसाच ठेवणारा माणूस दोषी आहे. त्याचं खापर स्थलांतरावर का फोडता?

आमच्या स्पेसमध्ये काय होतं ते सांगतो. सोडून गेलेल्या माणसांचे अर्धवट मसुदे, मीटिंगच्या नोंदी ज्यात फक्त हजर असलेल्यांची नावं, एकाच विषयावर तीन पानं आणि तिन्हींत वेगळी उत्तरं. शोधायला गेलं की चुकीचं पान आधी वर येतं. हे सगळं इतिहासासकट नव्या ठिकाणी वाहून न्यायचं? त्यापेक्षा कमी आणा आणि जे आणाल ते वाचून आणा. शिवाय जितके दिवस दोन्ही टूल चालू, तितके दिवस माणशी दोन्हीकडचे पैसे. ते बिल मंजूर करून घ्यायला तुम्ही जाता का?

गाळणी
सुटसुटीत, 'वाचून आणा' हे तुमच्या मूळ लिखाणात नव्हतं. तिथे 'झिप चढवा' होतं.

लिंकांबद्दल अजून कुणीच बोललं नाही याचं आश्चर्य वाटतं. पानांची एकमेकांतली जोडणी इम्पोर्टर बऱ्यापैकी सांभाळतो. पण त्या पानांच्या लिंक बाहेर विखुरलेल्या असतात: तिकिटांत, मेलमध्ये, कोडच्या कॉमेंटमध्ये, कमिट मेसेजमध्ये (कोडमधल्या प्रत्येक बदलासोबतच्या टिपणात). कमिट मेसेज बदलायचा तर सगळ्यांचा गिटचा (कोडमधले बदल जपणाऱ्या प्रणालीचा) इतिहास नव्याने लिहावा लागतो, ते कुणी करणार नाही. 'ही अट का घातली ते इथे वाचा' असं लिहून पुढे मेलेली लिंक, हे मी रोज बघतो. मग एखादा नवा मुलगा ती अट अनावश्यक समजून काढतो, आणि ती ज्या बगसाठी घातली होती तो बग परत येतो.

जुनं टूल स्वतःच्या डोमेनवर असेल तर निदान जुना पत्ता नव्याकडे वळवता येतो. विकणाऱ्याच्या डोमेनवर असेल तर तेही तुमच्या हातात नाही.

तळटीप
म्हणूनच म्हणतो, जुनं रीड-ओन्ली (फक्त वाचण्यापुरतं) करून निदान वर्षभर चालू ठेवा.

रात्रपाळी
तळटीप, चालू ठेवा म्हणजे काय ठेवा? कॉन्फ्लुअन्सच्या सर्व्हर आवृत्तीचा (स्वतःच्या मशीनवर चालवायची ती) सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ ला संपला. त्याआधी जून २०२२ मध्ये आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यात अतिशय गंभीर सुरक्षा-त्रुटी निघाल्या. २०२३ च्या त्रुटीत बाहेरच्या माणसाला लॉगिनशिवाय स्वतःसाठी ॲडमिन खातं तयार करता येत होतं. रीड-ओन्ली ही तुमच्यासाठी पाटी आहे, आत घुसणाऱ्यासाठी नाही. पॅच (सुरक्षा-दुरुस्ती) न मिळणारा सर्व्हर 'असू दे कोपऱ्यात' म्हणून ठेवणारे लोक मला धोकादायक वाटतात. नंतर निस्तरायला आम्हालाच बसावं लागतं.

ठेवायचंच असेल तर सर्व्हर बंद करा, एचटीएमएलची स्थिर प्रत काढा आणि ती लॉगिनच्या आड ठेवा. जुन्या लिंकांसाठी जुना पेज-आयडी (पानाचा क्रमांक) आणि नवा पत्ता यांचं एक टेबल बनवा.

साधीफाईल
तुम्ही सगळे रोगी बदलताय, रोग तोच. उद्या नोशनमधून बाहेर पडायची वेळ येईल तेव्हा काय हातात येतं ते बघितलंय? मार्कडाउन (साध्या चिन्हांनी मांडणी केलेल्या मजकुराच्या) फाईली येतात, प्रत्येकीच्या नावाला ३२ अक्षरी आयडी चिकटलेला. डेटाबेसची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी फाईल) होते. एका टेबलाचं दुसऱ्याशी असलेलं नातं नुसता मजकूर बनून बाहेर पडतं.

कागदपत्रं मार्कडाउनमध्ये लिहा आणि कोडच्या रेपोत (गिटच्या भांडारात) ठेवा. इतिहास फुकट, लेखकाचं नाव फुकट, तारीख खरी. आम्ही हेच करतो, आणि टूल बदलायचं म्हटलं तरी आम्हाला धडकी भरत नाही.

हजेरीपट
साधीफाईल, मी एचआरमध्ये आहे. रजेच्या नियमात एक तारीख चुकली, ती दुरुस्त करायला मी ब्रँच (बदलासाठी वेगळी शाखा) काढू, पुल रिक्वेस्ट (तो बदल स्वीकारायची विनंती) टाकू आणि मग तुमच्यापैकी कुणी रिव्ह्यू करेपर्यंत वाट बघू? आमच्याकडे हा प्रयोग झाला. इंजिनिअर खूश, आणि अकाउंट्स, खरेदी, एचआर या सगळ्यांनी गुपचूप वर्डच्या फाईली मेलने पाठवायला सुरुवात केली. वर्षभराने खरे नियम कुठे आहेत हे कुणालाच सांगता येईना.

साधीफाईल
बटण दाबून ब्राउझरमध्येच फाईल बदलता येते, गिट शिकावं लागत नाही. शिकायचंच नाही असं ठरवलं असेल तर उपाय नाही.

हजेरीपट
'शिकायचंच नाही' हे वाक्य मागे घ्या. पगाराचं सॉफ्टवेअर, कराचे दरवर्षी बदलणारे फॉर्म, तीन वेगवेगळी हजेरीची यंत्रं, सगळं आम्हीच शिकलो. तुमच्या मार्कडाउनमध्ये दोन खाने जोडून एक शीर्षक करता येतं का, ते सांगा. पगारश्रेणीचं टेबल असं लिहून दाखवा की ते छापल्यावर कुणाला वाचता येईल.

साधीफाईल
जोडलेले खाने साध्या मार्कडाउनमध्ये होत नाहीत, तिथे एचटीएमएल लिहावं लागतं. ठीक आहे, तो मुद्दा तुमचा. पण एका टेबलापायी सगळ्या ऑफिसने कुणाच्या तरी डेटाबेसमध्ये अडकून राहायचं?

गाळणी
अहो, मूळ प्रश्न कुठे राहिला? आणि रेपो म्हणजे तरी कायमचा पत्ता आहे का? आम्ही कोडचं होस्टिंग बदललं तेव्हा फाईली आणि कमिट आले. पुल रिक्वेस्टमधली चर्चा मात्र नीट आली नाही, कारण ती गिटमध्ये नसतेच, ती त्या होस्टिंगच्या डेटाबेसमध्ये असते. 'हे असं का केलं' याची उत्तरं नेमकी त्या चर्चेत होती.

साधीफाईल
म्हणून निर्णय फाईलमध्येच लिहावा. आम्ही प्रत्येक मोठ्या निर्णयाची वेगळी फाईल करतो.

रात्रपाळी
साधीफाईल, रात्री साइट पडलेली असताना रेपोचं होस्टिंगही पडलं तर? रनबुकची (बिघाडात काय करायचं त्या पानांची) प्रत माझ्या लॅपटॉपवर असते म्हणून मला टेन्शन नसतं. एवढ्यापुरता मी तुमच्या बाजूने आहे. पण हजेरीपट यांना तुम्ही जे बोललात ते बरोबर नव्हतं.

हजेरीपट
आभारी आहे. आता मला ज्याची खरी काळजी आहे ते सांगते, कारण इथे त्यावर अजून अक्षर नाही: परवानग्या.

पूर्वी मी जिथे होते तिथे हेच झालं. वार्षिक मूल्यमापनाची पानं जुन्या टूलमध्ये मोजक्या लोकांपुरती बंद होती. स्थलांतर ॲडमिन खात्यातून केलं, त्या खात्याला सगळं दिसत होतं. नव्या टूलमध्ये पान ज्याच्या पोटात ठेवाल त्याच्या परवानग्या घेतं, आणि ते ठेवलं होतं सगळ्यांसाठी खुल्या जागेत. एका मुलाने शोधमध्ये स्वतःचं नाव टाकलं. वरून तिसरा निकाल होता त्याच्या मॅनेजरने त्याच्याबद्दल लिहिलेलं टिपण. 'बढतीसाठी विचार करू नये' हे शब्द त्याने स्क्रीनवर वाचले आणि मला येऊन विचारलं, हे खरं आहे का? काय उत्तर देणार होते मी? त्या मुलाने महिन्याभरात राजीनामा दिला.

याच्या उलटही होतं. ज्या खात्यातून एक्स्पोर्ट करता त्याला जे पान दिसत नाही ते झिपमध्ये येतच नाही, आणि कुणी ओरडतही नाही. जुनं बंद केल्यावर वर्षअखेरीला कळतं. शनिवार-रविवारात हे कोण तपासतं, सुटसुटीत?

सुटसुटीत
हे मी लिहिलं नव्हतं, बरोबर. आमची टीम लहान, सगळ्यांना सगळं दिसतं, त्यामुळे हा प्रश्न आम्हाला आला नाही. पण तुमच्यासारखी बंद पानं फार थोडी असतात. ती हाताने हलवा, बाकीची झिपने. त्या थोड्यांसाठी सगळं काम महिनोन्‌महिने का लांबवायचं?

तळटीप
कुणी लांबवा म्हटलं नाही. आधी यादी करा एवढंच म्हणतोय. मर्यादित परवानगी असलेली पानं कोणती, ती एपीआयमधून (स्क्रिप्टने माहिती मागवायच्या सोयीतून) काढता येतात.

फक्त कॉन्फ्लुअन्सचीच ही गोष्ट नाही. गूगल ड्राइव्हवरून मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटवर जाणाऱ्यांनाही हेच भोगावं लागतं. ड्राइव्हवर एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाईली चालतात, नावात प्रश्नचिन्ह आणि विसर्गासारखी दोन टिंबं चालतात. शेअरपॉइंटला यातलं काही चालत नाही, आणि फोल्डरांसकट पूर्ण पत्ता ४०० अक्षरांच्या आत लागतो. 'इम्पोर्टरेंज' लावून एका शीटमधून दुसऱ्यात आकडे ओढलेले असतील तर एक्सेलमध्ये ते सूत्रच नाही. एका ठिकाणी तर सिंक झालेलं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करून 'बॅकअप झाला' म्हणून खाती बंद केली. गूगल डॉक्सची ती जीडॉक फाईल म्हणजे नुसता ऑनलाइन पानाचा पत्ता, आत मजकूर नसतोच. खाती गेली आणि मजकूरही गेला.

सुटसुटीत
पेन ड्राइव्हवाल्यांचं समर्थन मी करणार नाही.

ठीक आहे, तारखेचं एक घेतो. मूळ लेखक आणि मूळ शेवटचा बदल, हे दोन्ही प्रत्येक पानाच्या डोक्यावर मजकूर म्हणून छापून मगच चढवायचं. स्क्रिप्टने होईल. पण जुन्या आवृत्त्या सगळ्या आणायच्या, हे मला अजूनही पटत नाही. कुणी उघडत नाही त्या.

तळटीप
सगळ्या नव्या टूलमध्ये आणू नका. कॉन्फ्लुअन्सच्या एक्सएमएल एक्स्पोर्टमध्ये त्या असतात, तो एकदा काढून सुरक्षित जागी ठेवा. पण करार, सुरक्षा आणि पगाराच्या पानांबाबत 'अमुक दिवशी नियम काय होता' असा प्रश्न ऑडिटवाले विचारतातच. त्या पानांच्या आवृत्त्या माणसाला वाचता येतील अशा हव्यात.

हजेरीपट
आणि चढवल्यावर, सगळ्यांना पत्ता पाठवण्याआधी, ज्याला कसलीही खास परवानगी नाही अशा साध्या कर्मचाऱ्याच्या खात्यातून आत जा. 'पगार', 'राजीनामा', 'मूल्यमापन', 'पासवर्ड' हे शब्द एकेक करून शोधा. काही सापडलं तर पत्ता पाठवू नका.

सुटसुटीत
हे करतो. आमच्याकडे पासवर्ड नक्की सापडतील.