सासूबाई अंथरुणावर, दात हिरडीपाशी काळे पडून तुटायला लागलेत

विट्याची_सून:
नमस्कार मंडळी. सासूबाई ७८ च्या, पॅरालिसिसनं उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ बंद. आधी दात असे की ऊस सोलून खायच्या, आणि आता वर्षभरात समोरचे हिरडीपाशी काळे पडले, एक तर नुसता खुंट राहिलाय. दुखतंय का सांगता येत नाही, जेवताना तोंड फिरवतात एवढंच. बीपीची, रक्त पातळ करायची, लघवीची अशा गोळ्या चालू आहेत आणि दिवसातनं चार-पाचदा चहात बुडवून बिस्कीट, कारण दुसरं गिळतच नाहीत. आमचे हे म्हणतात वय झालं की दात जाणारच. खरंय का? ब्रश न्यावा तर तोंड घट्ट मिटतात नाहीतर बोट चावतात.

दातवाला_मिरज:
नुसत्या वयानं दात किडत नाहीत ओ ताई. हिरडी खाली सरकली की मूळ उघडं पडतं, त्यावर इनॅमल (दातावरचं कडक कवच) नसतं, म्हणून तिथं कीड पटकन लागते. त्यात लघवीच्या काही गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते, आणि तोंडातले जंतू गोडापासून जे आम्ल बनवतात, ते धुवून काढायचं काम तर लाळेचंच. दर चहा-बिस्किटाला तोंडात पुन्हा आम्ल, सावरायला वेळच नाही, त्यामुळं किती गोड खातात यापेक्षा किती वेळा खातात ते बघा, चहा बिनसाखरेचा द्या नाहीतर जेवणाला जोडूनच द्या. आणि जेवण झाल्यावर मोबाईलचा टॉर्च मारून उजव्या गालफडात बघा, लकवा मारलेल्या बाजूला घास तसाच राहतो आणि त्यांना पत्ताही नसतो. गोळ्या मात्र मनानं बंद करू नका, रक्त पातळ करायची तर अजिबात नाही, डॉक्टरांशी बोला.

तासगावचा_काका:
लवंगाचं तेल लावा ओ, नायतर मिश्री. आमची आजी शेवटपर्यंत मिश्री लावायची, एक दात पडला नाही.

सिस्टर_सांगली:
काका, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, अंथरुणावरच्या माणसाला कशाला लावायला सांगताय! लवंग तेलानं ठणका जरा वेळ दबेल, कीड तिथंच.
ताई, मी घरोघरी असे पेशंट बघते. समोर उभं राहून ब्रश खुपसला की कुणीपण तोंड मिटणार. आधी पाठीला उशा लावून बसतं करा, पाण्याचा ठसका लागून ते छातीत गेलं की न्यूमोनिया होतो, म्हणून आडवं झोपवून कधीच नाही. मान जरा खाली, तुम्ही बाजूला बसा, ओठांना व्हॅसलीन, गालावरनं हात फिरवा, मग लहान मुलांचा मऊ ब्रश. फ्लोराईडची पेस्ट वाटाण्याएवढी, किंवा त्याहून कमी. दातांमधे बोट घालू नका, तोंड उघडं ठेवायला दुसऱ्या ब्रशचा जाड दांडा बाजूनं हळूच सरकवा. चूळ भरता येत नसेल तर फेस ओल्या गॉजनं पुसून घ्या. दिवसातनं एकदाच जमणार असेल तर रात्रीचं, झोपेत लाळ आणखी कमी होते. कवळी असेल तर रात्री काढून घासून पाण्यात ठेवायची. माउथवॉश अल्कोहोलवाला नको, त्यानं कोरड वाढते.

विट्याची_सून:
टॉर्च मारून बघितलं, सकाळचा उपीट तसाच होता गालात!! आता खुंटाचं काय, काढायलाच लागेल? सांगलीपर्यंत कसं न्यायचं त्यांना...

दातवाला_मिरज:
बघितल्याशिवाय काढा म्हणणार नाही. सूज किंवा पू असेल तर थांबू नका. बाकीच्या किडलेल्या दातांवर सिल्व्हर डायमाइन फ्लोराईड नावाचं औषध लावता येतं, ना इंजेक्शन ना मशीन, छोट्या ब्रशनं लावायचं, बहुतेक वेळा कीड थांबते, फक्त डाग काळाकुट्ट होतो, तो चालणार असेल तर. सगळीकडं ठेवत नाहीत, फोन करून विचारा. तासगावमार्गे आलात तर कवलापूरचं डेंटल कॉलेज वाटेतच आहे, सांगली-मिरज रोडला भारती विद्यापीठाचं आहे. आधी फोटो काढून तुम्ही दोघंच दाखवून या, गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घेऊन, मग एकाच खेपेत त्यांचं काम होईल.